भातावर आलेला आळ

महाड-पोलादपूरकडे वजन उतरवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड भातावर पडते. दवाखान्यातून बाहेर पडणारा माणूस तेच सांगतो, मुंबईहून सुट्टीला आलेली पुतणी तेच सांगते, जिमला जाणारा शेजारचा पोरगाही तेच सांगतो: भात बंद करा. साखर, तेल, नाक्यावरचा वडापाव, दिवसाचे पाच-सहा चहा यांच्याबद्दल एवढा ठाम निकाल कोणी देत नाही. भाताचं दुर्दैव असं की तो सतत डोळ्यांसमोर असतो. दोन्ही वेळच्या टोपात तो, सकाळच्या पेजेत तो, भाकरीच्या आणि घावनाच्या पिठात तो, गणपतीच्या मोदकातही तोच. घरात चोरी झाली की रोज येणाऱ्या-जाणाऱ्यावर संशय जातो, तसं काहीसं झालंय.

संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. भात सोडून चार-पाच किलो उतरलेली माणसं प्रत्येक वाडीत सापडतील आणि ती खोटं बोलत नाहीत. पण वजन कशामुळे उतरलं, याचं त्यांनी लावलेलं कारण बहुतेक वेळा अर्धं असतं. भात गेला हे त्यांच्या लक्षात राहतं. भाताबरोबर आणखी काय गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, ते राहत नाही.

आधी भाकरीचं बघू, कारण इथली सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. घाटावरचा माणूस भात सोडतो तेव्हा ज्वारी-बाजरीकडे जातो. आपल्याकडे ‘भात सोडला’ म्हणणाऱ्याच्या ताटात पुष्कळदा तांदळाची भाकरी येते. म्हणजे तोच तांदूळ, शिजवायच्या ऐवजी दळून, उकड काढून, थापून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 356 कॅलरी असतात. शिजताना तांदूळ पाणी पितो, त्यामुळे शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात 130 च्या आसपास उरतात. मोठी वाटीभर भात दीडशे ग्रॅम धरला, तर 195 झाल्या. आता परातीत थापलेली मध्यम भाकरी घ्या. तिला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे साधारण 215 ते 250 कॅलरी. दोन वाट्या भात सोडून दोन भाकऱ्या खाल्ल्या, तर हिशेब उतरण्याऐवजी थोडा चढतोच. आणि तरीही माणूस दिवसभर ‘मी भाताला शिवत नाही’ या समाधानात असतो.

चपातीचंही फार वेगळं नाही. गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅमला 320 च्या घरात कॅलरी, तांदळापेक्षा दहा टक्क्यांनी कमी. तव्यावर चपातीला चमचाभर तेल लावलं की चाळीस-पंचेचाळीस कॅलरी परत आत. नाचणी मात्र खरंच वेगळी. उष्मांक गव्हाइतकेच, पण तंतू तांदळाच्या चौपट आणि कॅल्शियम शंभर ग्रॅममागे 364 मिलिग्रॅम; तांदळात ते सात-आठच्या वर जात नाही. नाचणीची भाकरी एकात पोट भरते हा जुन्यांचा अनुभव त्या तंतूंशी जुळतो. पोलादपूरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकायची ती गरिबाचं धान्य म्हणून. हातात पैसा आला तसा ताटातला तांदूळ वाढला आणि नाचणी मागे पडली. आता तीच नाचणी पुण्या-मुंबईच्या दुकानांत पाकिटातून विकली जाते, तांदळापेक्षा महाग.

भात वेळून पेज काढली की ‘त्यातलं स्टार्च निघून जातं’, असंही सांगतात. थोडं जातं. त्याबरोबर बी-१ सारखी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात. आणि ती पेज मीठ घालून आपणच पितो, तेव्हा गेलेलं फिरून पोटातच. शिळ्या, गार भाताची कथा याचीच बहीण. 2015 मध्ये श्रीलंकेतल्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या परिषदेत मांडलं की खोबरेल घालून शिजवलेला भात थंड केला की त्यातलं काही स्टार्च पचायला अवघड होतं. ते काम प्रयोगशाळेतलं होतं, माणसांना खाऊ घालून वजन केलेलं नव्हतं. बातम्यांत मात्र ‘निम्म्या कॅलरींचा भात’ झाला. फोडणीचा भात चविष्ट असतो, तेवढ्यासाठीच खावा. फोडणीत पडणारं तेल हिशेबात धरून.

आता मोठ्या प्रयोगांकडे. त्यातला बराचसा वाद ‘पिष्ट पदार्थ कमी की चरबी कमी’ असा झाला आहे, पण भाताचा खटला तोच आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 जाड माणसांचे दोन गट पाडले. एकाने वर्षभर तेल-तूप-चरबी कमी करायची, दुसऱ्याने भात-पाव-बटाटा-साखर. 2018 मध्ये निकाल छापून आला: पहिला गट सरासरी 5.3 किलोंनी उतरला, दुसरा 6.0 किलोंनी. फरक नगण्य. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांत कोणाचं वजन वीस-वीस किलोंनी उतरलं आणि कोणाचं चक्क वाढलं. सांगितलेला आहार एकच, निकालात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे ‘माझ्या मेव्हण्याचं भात सोडून उतरलं’ या वाक्यातून तुमचं उतरेल की नाही, हे काहीच कळत नाही.

2022 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा 61 चाचण्या एकत्र केल्या. एकूण जवळजवळ सात हजार माणसं. पिष्ट पदार्थ कापलेला आहार आणि समतोल आहार, दोन्हींनी वजन उतरलं आणि दोघांतला फरक सरासरी एखाद्या किलोचा. दोन वर्षांपर्यंत पाहिलं तरी तेच. त्याआधी 2005 मध्ये बॉस्टनला 160 लोकांवर चार नामांकित आहारपद्धती लावून पाहिल्या होत्या. कोणती पद्धत घेतली यावर फारसं काही ठरलं नाही. ती पाळली किती, यावर ठरलं.

मेव्हण्याच्या दाखल्याविरुद्ध बोलायला परदेशात जायचीही गरज नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या कामासाठी जगाला माहीत आहेत. 2022 ची पद्मश्री त्यांना त्याच कामासाठी मिळाली. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं, हे त्यांनी दाखवलं आणि असंख्य जीव वाचले. पुढे प्रतिविष आलं, तेव्हा ‘माझ्या औषधाने पेशंट बरे होतातच’ म्हणून ते थांबले नाहीत. महाडमध्येच 70 रुग्णांचे दोन गट केले. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी दुसऱ्या गटातले नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण सावरले होते, पहिल्यातले वीस-पंचवीस टक्केच. 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने ते छापलं. नुसते बरे झालेले रुग्ण मोजले असते तर हे कळलंच नसतं. शेजारी दुसरा गट होता म्हणून कळलं. भात सोडून बारीक झालेल्यांच्या शेजारी, भात खात बारीक झालेल्यांना कोणी बसवतं का?

अशी माणसं आहेत, आणि त्यांचा दाखला मजेदार आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी 1939 पासून ड्यूक विद्यापीठात अतिरक्तदाबाच्या रुग्णांना जवळजवळ फक्त भात, फळं, फळांचा रस आणि साखर यांवर ठेवलं. मीठ नाही, तेल नाही, मांस-मासे नाहीत. त्या काळी अतिरक्तदाबावर धड औषध नव्हतं. पुढे त्यांनी हाच भात कमी मापाने लठ्ठ माणसांना दिला आणि 1975 मध्ये 106 रुग्णांची हकीकत छापली. त्यांतला प्रत्येक जण किमान 45 किलोंनी उतरला होता. भात आणि फळांवर! हा आहार कोणी करावा असं मी मुळीच म्हणत नाही. तो अत्यंत बेचव होता, डॉक्टरांचा पहारा कडक होता, आणि ज्यांना तो झेपला नाही ते या 106 मध्ये मोजलेलेच नाहीत. पण भात हाच चरबीचा कारखाना असता, तर ही माणसं फुगायला हवी होती.

मग भात सोडणाऱ्याचं पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतं ते कुठून? पाण्यातून. शरीर यकृतात आणि स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. पिष्ट पदार्थ एकदम तोडले की हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे जातं. काटा खाली येतो, माणूस खूश. लग्नाकार्यात दोन दिवस भात-जिलेबी झाली की पाणी परत, काटा वर, आणि भातावरचा आळ आणखी पक्का. चरबी यात ना फारशी गेलेली असते, ना आलेली.

पाण्याच्या पलीकडे, महिना-दोन महिन्यांत जे खरंच उतरतं, त्याचं कारण इथल्या ताटात शोधावं लागतं. आपल्याकडे भात एकटा येत नाही. त्याच्यावर आमटी, कालवण, कधी कुळथाची पिठी, कधी वालाचं बिरडं. बाजूला तळलेला तुकडा, नाहीतर सुकटीची चटणी. भातावर वाटणाचं कालवण आलं की दुसऱ्यांदा हात टोपाकडे जातोच. ‘भात नाय तर जेवल्यासारखं वाटत नाय,’ हे वाक्य इथे प्रत्येकाच्या तोंडी आहे, आणि भात सोडणारा काही दिवस खरोखरच कमी जेवतो, कारण जेवणातला रसच गेलेला असतो. ताटातून चारशे कॅलरी गेल्या, वजन उतरलं, श्रेय भाताच्या गैरहजेरीला. दीड-दोन महिन्यांनी जीभ दुसऱ्या वाटा शोधते. चार वाजता खारी, रात्री टीव्हीसमोर फरसाण, भाकरी दोनच्या तीन. मग ‘आता भात सोडूनही उतरत नाही’ अशी तक्रार सुरू होते. भाताच्या जागी कुळीथ, वाल, भाजी, अंडं, मासा आला असता तर गोष्ट निराळी झाली असती. कुळथात शंभर ग्रॅमला एकवीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल-कुळीथ याच मातीत येतात.

रात्रीच्या भाताचा वेगळाच धसका आहे. ‘दुपारी चालतो, रात्री अंगावर चढतो.’ इस्राएलमध्ये 78 जाड पोलिसांवर याची चाचणी झाली होती. एका गटाने दिवसातले बहुतेक पिष्ट पदार्थ रात्रीच्या जेवणात खायचे, दुसऱ्याने दिवसभर वाटून; उष्मांक दोघांना सारखे. सहा महिन्यांनी रात्री खाणाऱ्यांचं वजन उलट थोडं जास्तच उतरलं होतं. एवढ्या लहान चाचणीवर रात्रीच्या भाताची आरती करायला नको, पण सूर्य मावळला म्हणून भाताचे उष्मांक वाढत नाहीत, इतकं मानायला हरकत नाही. रात्रीच्या जेवणाचा खरा त्रास वेळेचा आहे. एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटून घरी पोचेपर्यंत बारा वाजतात, दुपारपासून पोटात चहा-बिस्किटं गेलेली असतात, आणि मग टोपातला उरलेला भात ‘वाया नको’ म्हणून संपवला जातो. हा ‘वाया नको’वाला भात तर घरातल्या बाईच्याच वाट्याला जास्त येतो. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते आणि टोप खरवडून संपवते. तिच्या जेवणाचं माप भूक ठरवत नाही, टोप ठरवतो.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना टाळता येणार नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या भाषणांतून स्फूर्ती घेऊन त्यांनी ‘विनासायास वेटलॉस’ची व्याख्यानं गावोगाव दिली. दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, 55 मिनिटांच्या आत जेवायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा किंवा हिरवा चहा. राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचं दूतपद दिलं, तेव्हा बऱ्याच आहारतज्ज्ञांनी नाकं मुरडली. दर खाण्याला इन्शुलिन स्रवतं म्हणून खाण्याच्या वेळा कमी हव्यात, या त्यांच्या सिद्धान्तावर शंका घ्यायला जागा आहे. चीनमध्ये ग्वांगजौ शहरात 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर चाचणी झाली: दोन्ही गटांना उष्मांक कमी, पण एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवायची मुभा. 2022 मध्ये आकडे आले, आठ किलो आणि सव्वासहा किलो. संख्याशास्त्राच्या नजरेत हा फरक योगायोगाचा असू शकतो. दुसऱ्या बाजूला प्रागमध्ये 54 मधुमेही रुग्णांत दिवसातून दोन मोठी जेवणं ही सहा छोट्या जेवणांपेक्षा सरस ठरली, उष्मांक सारखे असूनही. वाद मिटलेला नाही. पण दीक्षित पद्धतीने आपल्याकडच्या अनेकांचं वजन उतरतं त्याचं साधं कारण माझ्या मते असं: ती भात तोडत नाही, ती मधलं तोडते. चहातली साखर, चहाबरोबरची खारी, स्टॅंडवरचा वडापाव, कीर्तनानंतरचा शिरा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर दिवसाच्या पाच चहांतून पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे दोनशे कॅलरी, दूध वेगळं. हे वाटीभर भाताएवढं झालं, आणि त्याने भूक भागलेली नसते.

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर नेमकं उलट टोक धरतात: भात खा, त्यावर तूप घ्या, आजी खायची ते खा, दर दोन तासांनी थोडं खा. दीक्षितांचं दोनदा आणि यांचं दर दोन तासांनी, दोन्हींचे भक्त एकाच घरात असू शकतात. आजीच्या ताटाबद्दल त्यांच्याशी माझं अर्धं जमतं. आजीचं ताट घ्यायचं तर आजीचा दिवसही घ्यावा लागतो.

आणि महाड-पोलादपूरच्या बाबतीत मला हाच मुद्दा मुळाशी वाटतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये उष्मांकांच्या गरजेचे आकडे नव्याने काढले. बैठं काम करणाऱ्या 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 2110 कॅलरी, जड अंगमेहनत करणाऱ्याला 3470. बाईला अनुक्रमे 1660 आणि 2720. पुरुषाच्या आकड्यांतला फरक 1360. शिजलेल्या भातात मोजला तर किलोभर! नांगर धरणारा, डोंगरउतारावर भाजावळीसाठी कवळं तोडून आणणारा, चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारी, डोक्यावर भारे घेऊन खळ्यापर्यंत चढणारी, या माणसांचा तो किलोभर भात अक्षरशः अंगातून जळून जायचा. त्यातही पावसाळ्याच्या तोंडाला कणगी तळ गाठायची, तेव्हा पोटभर भात हा काही महिन्यांचाच सोहळा. आता बैल गेले, पॉवर टिलर आला. गवत ग्रासकटरने कापलं जातं. दोन वाड्यांमधली पायवाट मोटारसायकलने खाल्ली. तरुण माणूस एमआयडीसीत यंत्रासमोर उभा असतो, नाहीतर पनवेल-मुंबईत खुर्चीवर. तांदूळ मात्र आता बाराही महिने आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, 2023 पासून फुकट. ताट आजोबांचं राहिलं आणि दिवस नातवाचा झाला. त्यात भाताचा दोष किती आणि मापाचा किती?

याचा अर्थ भात निर्दोष सुटला असा नाही. वजनाचा प्रश्न एक, साखरेचा दुसरा, आणि आपल्याकडे दोन्ही एकाच तोंडाने बोलले जातात. 21 देशांतल्या सव्वा लाखाहून जास्त माणसांना वर्षानुवर्षं पाहिलेल्या ‘प्युअर’ या अभ्यासाने 2020 मध्ये दाखवलं की पांढरा भात जास्त खाणाऱ्यांना मधुमेह जास्त होतो, आणि हा संबंध सर्वांत ठळक दक्षिण आशियात आहे. तिथे दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या वर शिजलेला भात खाणाऱ्यांना, दीडशे ग्रॅमच्या आत खाणाऱ्यांपेक्षा 61 टक्क्यांनी जास्त. चीनमध्ये असा फरक नीट दिसला नाही. साडेचारशे ग्रॅम म्हणजे मघाच्या मापाने तीन वाट्या. इथे पोटभर जेवणारा माणूस एका वेळी दोन सहज खातो. पण लगेच चपातीकडे धावण्याआधी 2025 मधला आणखी एक निष्कर्ष वाचावा. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या उष्मांकांतला 62 टक्के वाटा पिष्ट पदार्थांचा निघाला. पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचं एकूण माप घटून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूधदुभतं यांतली प्रथिनं आली, तिथे फरक पडला. भात-भाकरी-चपाती ही अदलाबदल म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात.

आणखी एक पेच आहे, तो काट्यावर दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा पाठपुरावा करत आले आहेत. जन्मतः बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळांत चरबीचं प्रमाण मात्र जास्त असतं, हे त्यातून पुढे आलं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत सारखं, 22.3, शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. काड्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट घेऊन ‘माझं वजन बरोबर आहे’ म्हणणारे पुरुष आपण रोज पाहतो. त्यांनी भात सोडून दोन किलो उतरवले आणि स्नायूच गमावले तर कमावलं काय? कमरेला टेप लावावा: पुरुषाला 90 सेंटिमीटरच्या आत, बाईला 80 च्या आत. इंडियाबच्या 2023 च्या आकड्यांत पोटाचा लठ्ठपणा जवळजवळ 40 टक्के प्रौढांत होता, एकूण लठ्ठपणापेक्षा बराच जास्त.

उपवासाचा मार्ग घेणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको; एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आधीच आहे. साबुदाणा हे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप. भात सोडून साबुदाण्याची खिचडी खाणं हे वजनाच्या दृष्टीने भाताचाच सन्मान करणं होय. ‘ग्लूटेन सोडा’ हे शहरी खूळ तर इथे लागूच पडत नाही, तांदळात ग्लूटेन नसतंच. साखरेचं मात्र वेगळं आहे. 2013 मधल्या एका मोठ्या आढाव्यात साखर कमी करणाऱ्यांचं वजन सरासरी 800 ग्रॅमनी उतरलं; पण साखरेच्या जागी तेवढ्याच उष्मांकांचं दुसरं काही दिलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. गोड पेयांचा पुरावा आणखी पक्का. नेदरलँड्समध्ये 641 शाळकरी मुलांना रोज एक डबा पेय दिलं, काहींचं साखरेचं, काहींचं बिनसाखरेचं, कोणाचं कोणतं ते कोणालाच माहीत नाही. दीड वर्षात बिनसाखरेवाल्यांचं वजन दुसऱ्यांपेक्षा किलोभर कमी वाढलं. एकच पदार्थ सोडून फरक पडतो याचं एवढं नेटकं उदाहरण भाताच्या बाबतीत मी तरी देऊ शकत नाही. पाडव्याला पाहुण्यापुढे ठेवलेली थंड पेयाची बाटली आणि पोरांच्या दप्तरातली दहा रुपयांची पाकिटं यांना सोडून भातावर चर्चा करणं म्हणूनच विचित्र वाटतं. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये वीस माणसांना महिनाभर रुग्णालयात ठेवून दाखवलं की कारखान्यातलं तयार अन्न समोर असेल तर माणूस दिवसाला पाचशे कॅलरी जास्त खातो, आपण जास्त खातोय हे न कळता.

हा सगळा प्रश्न पोट भरलेल्यांचा आहे, हेही इथेच म्हणायला हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 23 टक्के बायकांचं वजन जास्त होतं आणि सुमारे 21 टक्के बायकांचं कमी. दोन्ही आकडे एकाच पंचक्रोशीत राहतात. महाडच्या बंगल्यात भात सोडण्याचा संकल्प होतो, आणि मैल-दोन मैलांवरच्या कातकरी वाडीत रेशनचा तांदूळ महिनाअखेरीला संपतो. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘भात कमी खा’ असं सरसकट लिहिणाऱ्याने आधी कोणत्या वाडीत ती भिंत आहे ते बघावं.

ज्याला खरंच उतरवायचंय त्याने भात ठेवावा, टोपातून ताटात येणारं माप बांधावं: एका वेळेला एक वाटी, वाटी रोज तीच. भाताच्या दुप्पट भाजी-आमटी, आमटी पातळ नको, वालाची-कुळथाची दाट. भाकरी घेतली त्या वेळी भात नाही. दोन्ही एका ताटात म्हणजे तांदूळ दोनदा. मधल्या चहांतून साखर काढावी. हे पाळणं भात तोडण्यापेक्षा सोपं, कारण श्रावणात पातोळ्या येतील, गणपतीत चाकरमानी येतील, मोदक होतील, आणि जो आहार मोदकापुढे मोडून पडतो तो कार्तिकापर्यंत टिकलेला मी पाहिलेला नाही.

मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र एकट्याने काही ठरवू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना कोणाचं तरी ऐकून भात एकदम बंद केला, तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. लावणीच्या दिवसांत हे जास्त घडण्यासारखं, कारण गोळी सकाळीच घेतलेली, पोटात रोजचा भात नाही, आणि अंगमेहनत वर्षात एरवी नसते तेवढी. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, भलतंच बरळणं ही लक्षणं. पावसात भिजलेल्या अंगावर घाम तर दिसतही नाही. शेतावर जाताना खिशात गूळ किंवा साखर असू द्यावी, आणि भाताचं माप उतरवायच्या आधी गोळीचं माप डॉक्टरांकडून उतरवून घ्यावं.